नवा पीसी: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही

नवा पीसी असेंबल झाला, बटण दाबलं, पंखे फिरले, रॅमवरचे दिवे रंग बदलू लागले आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. अशा प्रकरणांत एखादा भाग खरोखर खराब निघणं हे कमी वेळा घडतं. अर्धवट बसलेली रॅम, जोडायची राहिलेली सीपीयूची पॉवर केबल, भलत्या पोर्टात गेलेली एचडीएमआय किंवा प्रोसेसर ओळखू न शकणारा जुना बायोस (बोर्डावर साठवलेला, पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम), यांतच बहुतेकदा उत्तर सापडतं. म्हणून काहीही बदलण्याआधी किंवा दुकानात परत नेण्याआधी एकच गोष्ट शोधायची: मशीन सुरू होताना नेमकं कुठे अडकलं?

एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, मागचं स्विच चालू असलं की मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा कायम मिळत असतो. बटण दाबल्यावर बोर्ड एसएमपीएसला चालू व्हायला सांगतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइन सुरू होतात आणि त्या स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस ‘पॉवर गुड’ हा सिग्नल देतो. तेव्हा कुठे प्रोसेसर रीसेटमधून बाहेर पडून बायोस वाचायला लागतो. आधी प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स, शेवटी डिस्क असा हा क्रम असतो. चित्र ग्राफिक्सची पायरी पार पडल्यावरच दिसतं. पंख्यांना यातलं काहीच लागत नाही. २४ पिनच्या केबलमधून १२ व्होल्ट आले की ते फिरतात. त्यामुळे ‘पंखे फिरतायत म्हणजे एसएमपीएस आणि बोर्ड ठीक आहेत’ हा निष्कर्ष काढू नका. दिशाभूल नेमकी इथेच होते.

बोर्ड काय सांगतोय ते आधी पाहा

कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून पीसी चालू करा आणि मदरबोर्डच्या उजव्या कडेला, २४ पिनच्या जवळपास, चार बारीक एलईडी आहेत का ते पाहा. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं छापलेली असतात. एमएसआय त्यांना ईझी डीबग एलईडी म्हणते, असुस क्यू-एलईडी. चालू करताना हे दिवे एकापाठोपाठ लागून विझतात. जो लागून राहतो, त्या पायरीवर बूट थांबलेलं असतं. त्यांच्या रंगांवरून अर्थ लावू नका, रंग बोर्डागणिक बदलतात. महागड्या बोर्डांवर दोन आकडी कोड दिसतो, तो त्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्येच पाहायचा. दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात त्याच कोडचा अर्थ वेगळा असू शकतो.

सीपीयूचा दिवा लागून राहिला तर ईपीएस, म्हणजे सीपीयूला वीज देणारी केबल, सॉकेटच्या पिना आणि बायोसची आवृत्ती तपासा. डीरॅमचा असेल तर रॅम, पण घाई करू नका, कारण मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तो टप्पा, त्याबद्दल पुढे) सुरू असतानाही तोच दिवा लागतो. व्हीजीएचा असेल तर कार्ड, त्याची पॉवर किंवा ग्राफिक्सच नसलेला प्रोसेसर. बूटचा दिवा सगळ्यात आश्वासक. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स तिन्ही पार झालेत आणि बोर्डाला फक्त विंडोज असलेली डिस्क सापडलेली नाही, असा त्याचा अर्थ. नव्या पीसीत हे होणारच. तरीही स्क्रीन काळी असेल तर दोष केबल, पोर्ट किंवा मॉनिटरमध्ये शोधा.

एलईडी नसलेल्या स्वस्त बोर्डावर कीबोर्डची मदत होते. वायरचा साधा कीबोर्ड मागच्या यूएसबी २.० पोर्टला लावा, पीसी चालू करून मिनिटभर थांबा आणि नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर बायोस जिवंत आहे. चार पिनचा छोटा स्पीकर बाजारात अगदी स्वस्तात मिळतो, तो बोर्डावर फ्रंट पॅनलच्या वायर लागतात त्याजवळच्या स्पीकर हेडरला (उघड्या पिनांना) लावता येतो. असुसच्या बोर्डांवर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे रॅम सापडली नाही, एक लांब आणि तीन छोटे म्हणजे ग्राफिक्स सापडलं नाही. इतर कंपन्यांसाठी मॅन्युअल पाहा.

केबल आणि मॉनिटर

ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची, म्हणजे मागे जे पोर्ट आडवे आणि खालच्या बाजूला दिसतात त्यांना. मदरबोर्डचे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट वर, यूएसबीच्या रांगेत उभे असतात. ते फक्त प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच चालतात, आणि कार्ड लावल्यावर अनेक बोर्ड ते आपोआप बंदही करतात.

कोणत्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं? इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल त्यात नसतं: आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ, आय५-१४६००केएफ. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर उलट आहे. तिथे जी असेल त्यातच असतं. म्हणजे रायझेन ५ ५६००जीमध्ये आहे, पण ५५००, ५६०० आणि ५६००एक्समध्ये नाही. एएम५वरच्या रायझेन ७००० आणि ९००० मालिकांमध्ये जुजबी ग्राफिक्स असतं, ७५००एफसारखे एफवाले सोडून. ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर मदरबोर्डावर चालवू’ या हिशोबाने १२४००एफ घेतला असेल तर तो पीसी डिस्प्ले देणारच नाही. त्यात बिघाड काही नाही.

मॉनिटरच्या मेन्यूत जाऊन इनपुट हाताने निवडा. ‘ऑटो’ काही वेळा रिकाम्या पोर्टवरच अडून बसतो. घरी जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर लक्षात ठेवा की आताच्या कार्डांना व्हीजीए पोर्ट नसतो आणि एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी नुसती केबल चालत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्त कन्व्हर्टरवर बायोसची स्क्रीन कधी कधी दिसत नाही. शंका असेल तर पीसी तात्पुरता टीव्हीच्या एचडीएमआयला लावा. दुसरी केबल आणि कार्डावरचा दुसरा पोर्ट, दोन्ही वापरून पाहा.

सीपीयूची पॉवर केबल

मदरबोर्डला दोन पॉवर केबल लागतात. २४ पिनची जाड केबल सहसा विसरली जात नाही. विसरली जाते ती वरच्या डाव्या कोपऱ्यातली ८ पिनची ईपीएस, कारण ती कॅबिनेटच्या मागून आणावी लागते आणि कूलर बसवल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत. ती नसेल तर पंखे फिरतात, प्रोसेसर मात्र उठत नाही. काही बोर्ड दोन सेकंद चालू होऊन बंद होतात आणि तेच पुन्हा पुन्हा करतात.

ही केबल ४ अधिक ४ अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्ही ८ पिनच्या असल्या तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. खाचांचे आकारही म्हणूनच वेगळे ठेवलेले असतात. जात नसेल तर जोर लावू नका, केबल चुकीची आहे. बोर्डावर ८ अधिक ४ असे दोन सॉकेट असतील तर साध्या वापराला ८चा एकच पुरतो. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) एसएमपीएस असेल तर आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळा: दुसऱ्या मॉडेलची केबल कधीही वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपन्यांनी सारखा ठेवलेला नाही. केबल बसते, आणि डिस्क किंवा बोर्ड जळतो.

बटण दाबून काहीच होत नसेल, एक पंखाही हलत नसेल, तर बहुधा फ्रंट पॅनलच्या वायर चुकलेल्या असतात. नऊ पिनच्या नेहमीच्या हेडरवर पॉवर स्विचची जागा ६ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर असते. त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श केला आणि पीसी चालू झाला, तर दोष कॅबिनेटच्या बटणाचा किंवा वायरचा आहे. पॉवर स्विचची वायर उलटसुलट लावली तरी चालते, एलईडीची चालत नाही.

रॅम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नव्या पीसीत डिस्प्ले न येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण रॅम नीट न बसणं हे आहे. अनेक बोर्डांवर आता स्लॉटच्या एकाच बाजूला खटका असतो. त्या बाजूला ‘टक्’ होतं, दुसरं टोक मात्र मिलिमीटरभर वर राहतं आणि वरून पाहताना सगळं ठीक दिसतं. डीडीआर४ रॅमची खालची कड किंचित वक्र असते, म्हणून तर ती सरळच बसलीय असा भास होतो. खटका उघडा, रॅम पूर्ण बाहेर काढा, खाच जुळवून पुन्हा लावा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने आळीपाळीने दाबा. लागणारा जोर नवख्या माणसाला भीतिदायक वाटतो, बोर्डही किंचित वाकतो, पण तेवढा लागतोच. डीडीआर४ आणि डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते. एच६१० आणि बी७६०सारखे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे खरेदीतच चूक झालेली असू शकते. खाच जुळत नसेल तर तिथेच थांबा.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. एकच पट्टी असेल तर ए२. यामागे कारण आहे: बहुतेक बोर्डांवर सिग्नलची वाट आधी पहिल्या स्लॉटपाशी आणि पुढे दुसऱ्यापाशी जाऊन संपते. पट्टी पहिल्यात लावली तर पुढचा रिकामा तुकडा लोंबता राहतो, तिथून सिग्नल परावर्तित होतो आणि वेगवान रॅम अडखळते.

आता एक पट्टी काढून ठेवा आणि दुसरी ए२मध्ये लावून चालू करा. नाही आलं तर तीच बी२मध्ये. मग दुसऱ्या पट्टीने हेच. यातून जे कळतं ते फार मोलाचं असतं. एक पट्टी कुठेच चालत नाही आणि दुसरी सगळीकडे चालते, तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या ए२मध्ये चालतात पण बी२मध्ये एकही नाही, तर रॅमवर संशय घेऊ नका. सॉकेटची एखादी पिन वाकलेली आहे किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेलाय. रॅमच्या चॅनेलच्या पिना सॉकेटमधूनच जातात, दाब असमान झाला की एक चॅनेल गळतं. कूलरचे स्क्रू थोडे सैल करून, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात अशा क्रमाने पुन्हा सारखे आवळले की असे कित्येक पीसी सुरू होतात.

डीडीआर५ असेल, विशेषतः एएम५ बोर्ड, तर पहिल्या वेळी वाट पाहणं हाही तपासणीचाच भाग आहे. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमच्या सिग्नलच्या वेळा एकेक करून जुळवतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते चालू असताना स्क्रीन पूर्ण काळी राहते, डीरॅमचा दिवा लागून राहतो आणि पीसी मधूनच एखाद-दोनदा स्वतः रीस्टार्टही होतो. काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. पंधरा मिनिटं हात न लावता थांबा. दोन मिनिटांनी बटण दाबून बंद केलंत तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि तीन-चारदा असं केल्यावर धडधाकट बोर्डही खराब वाटू लागतो. बायोस अपडेट किंवा सीमॉस क्लिअर केल्यावरही (म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्यावर) हेच पुन्हा होतं.

चार डीडीआर५ पट्ट्या एकदम लावू नका. एएमडीने रायझेन ७०००साठी दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० दिलाय, चार पट्ट्यांना फक्त ३६००. चार लावून एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केलं आणि डिस्प्ले गेला, तर त्यात आश्चर्य नाही. ३२ जीबी हवी असेल तर १६च्या दोन घ्या, ८च्या चार नकोत.

रॅमच्या सोनेरी कडेला खोडरबर घासायचा आपल्याकडचा उपाय जुन्या, पावसाळ्यात दमट हवेत राहिलेल्या रॅमसाठी ठीक आहे, पण भुगा ब्रशने पूर्ण झाडूनच ती परत लावा. नव्या कोऱ्या रॅमला घासण्याची गरज नसते. फारच वाटलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा.

बायोस आणि प्रोसेसरची जुळणी

प्रोसेसर सॉकेटात बसला म्हणजे बोर्डाला तो समजेलच असं नाही. बोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात जो बायोस असतो, त्याला त्यानंतर आलेले प्रोसेसर माहीत नसतात. बी४५० बोर्ड २०१८चे, रायझेन ५००० प्रोसेसर २०२०च्या अखेरीस आले. एच६१० आणि बी६६० बोर्ड २०२२च्या सुरुवातीचे, इंटेलची १३वी पिढी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि १४वी ऑक्टोबर २०२३मध्ये. बी६५० बोर्ड २०२२चे, रायझेन ९००० ऑगस्ट २०२४चे. दुकानाच्या गोदामात पडून राहिलेला जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर अशी जोडी जमली की पंखे फिरतात आणि सीपीयूचा दिवा लागून राहतो.

कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या बोर्डाच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी असते. प्रोसेसरच्या नावासमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. बोर्डावरची आवृत्ती बऱ्याचदा बायोस चिपवरच्या किंवा खोक्यावरच्या स्टिकरवर मिळते. बोर्डावरची जुनी निघाली आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल (गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश प्लस), तर प्रोसेसर चालत नसतानाही अपडेट करता येतं:

१. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. त्यात दुसरं काही ठेवू नका.

२. नेमक्या आपल्या मॉडेलची बायोस फाइल उतरवा. नावातला एखादा शब्द, ‘वायफाय’ किंवा ‘डी४’, वेगळा असेल तर बोर्डही वेगळा असतो.

३. झिप उघडून फाइलला ठरलेलं नाव इंग्रजी अक्षरांत द्या: एमएसआयसाठी एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटसाठी गिगाबाइट डॉट बिन, एएसरॉकसाठी क्रिएटिव्ह डॉट रॉम. असुसच्या झिपमध्ये नाव बदलणारा बायोस रीनेमर हा प्रोग्रॅमच असतो.

४. २४ पिन आणि ८ पिन केबल जोडा, एसएमपीएसचं स्विच चालू करा, पण पीसी चालू करू नका.

५. पेनड्राइव्ह मागच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावा आणि फ्लॅशबॅकचं बटण सुमारे तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागला की सोडा.

दिवा स्थिर होईपर्यंत किंवा विझेपर्यंत थांबा, पाच ते दहा मिनिटं जातात. दिवा काही सेकंदांतच लुकलुकायचा थांबला तर फाइल वाचली गेलेली नाही. नाव, पोर्ट आणि फॉरमॅट पुन्हा तपासा. मध्येच लाइट जाणं परवडणार नाही, म्हणून हे काम यूपीएसवर करा. बटण नसेल तर जुना, त्या बोर्डाला ओळखीचा प्रोसेसर लावून अपडेट करण्यावाचून मार्ग नाही. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र घेत असाल, तर बिल करतानाच दुकानदाराला बायोस अपडेट करून द्यायला सांगा. त्याच्याकडे जुने प्रोसेसर पडलेले असतात.

याच टप्प्यावर सीमॉस क्लिअर करून घ्या. प्लग भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मग सीएलआर-सीमॉस, जेबॅट१ किंवा सीएलआरटीसी असं लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा.

ग्राफिक्स कार्ड

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून टाका आणि केबल मदरबोर्डला लावा. डिस्प्ले आला की प्रश्न कार्डाच्या बाजूचा आहे हे पक्कं झालं. कार्ड परत लावताना ते सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये, मागचा खटका वाजेपर्यंत गेलं पाहिजे. कॅबिनेटची मागची पट्टी थोडी वाकडी असेल तर स्क्रू आवळताना कार्डाचं पुढचं टोक वर उचललं जातं. स्क्रू काढून एकदा चालू करून पाहा.

कार्डाला पॉवरचा सॉकेट असेल तर तो जोडलाच पाहिजे, स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांवर केबल नसेल तर तसा संदेश स्क्रीनवर येतो, पण नेहमीच नाही. आरटीएक्स ४० आणि ५० मालिकेतल्या कार्डांची १६ पिनची केबल पूर्ण आत गेली पाहिजे, मधे फट दिसता कामा नये. ती सैल राहिली तर डिस्प्ले जाण्यापुरतंच नुकसान होत नाही, कनेक्टर वितळू शकतो.

कॅबिनेटमध्ये कार्ड उभं लावलं असेल तर रायझर केबल (कार्ड बोर्डाला जोडणारी लांब केबल) बाजूला ठेवून ते थेट बोर्डात लावून पाहा. पीसीआयई ३.० दर्जाच्या रायझरवर ४.० कार्ड अनेकदा चित्रच देत नाही. तेव्हा बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन ३ करावा लागतो. जुनं कार्ड नव्या बोर्डात लावलंय का? ज्या कार्डांच्या बायोसमध्ये यूईएफआयचा (नव्या पद्धतीच्या बायोसचा) आधार नाही, ती सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग) बंद असलेल्या नव्या बोर्डावर काळी स्क्रीन दाखवतात. कार्ड जुन्या पीसीत व्यवस्थित चालतं म्हणून कोणी त्याच्यावर संशय घेत नाही. आणि सेकंडहँड जीटीएक्स ९०० किंवा १००० मालिकेचं कार्ड डिस्प्लेपोर्टवर विंडोज येईपर्यंत काळं राहत असेल, तर त्यासाठी एनव्हिडियाचा फर्मवेअर अपडेट आहे. तोवर एचडीएमआय वापरा.

सगळं बाहेर काढून, पुठ्ठ्यावर

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढा आणि त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा थर काही प्रमाणात वीज वाहतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर, ए२मध्ये एक पट्टी, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. दोन पॉवर केबल. एनव्हीएमई एसएसडी, हार्ड डिस्क, आरजीबी कंट्रोलर, फ्रंट यूएसबी काहीही नको. स्क्रूड्रायव्हरने पॉवरच्या पिना जोडून चालू करा. पुढे हात लावण्याआधी दर वेळी प्लग काढा.

बाहेर चाललं आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट), खाली घरंगळलेला स्क्रू, किंवा मागच्या आय/ओ पत्र्याची एखादी जीभ यूएसबीच्या आत घुसलेली, ही तीन ठिकाणं आधी पाहा. एटीएक्स आणि मायक्रो एटीएक्सची भोकं वेगळ्या जागी असतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड लावताना जादा स्टँडऑफ काढायचे राहतात.

बाहेरही चालत नसेल तर कूलर काढून सॉकेट पाहा. एलजीए सॉकेटवर (ज्यात पिना सॉकेटलाच असतात) मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. सगळ्या पिना एकाच रेषेत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली की ती वाकलेली. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात. त्या सरळ करायला शिसं काढलेली ०.५ किंवा ०.७ मिमीची मेकॅनिकल पेन्सिल उपयोगी पडते. एएम४चा कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट चिकटलेली असते आणि प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटातून उपटून येतो. शक्य असेल तर मशीन आधी थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

एसएमपीएस

कॅबिनेटबरोबर फुकट आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाच्या पीसीला लावू नये. डिस्प्लेच्या तक्रारीत तो पहिला संशयित नसतो, पण कार्डावर भार येताच व्होल्टेज पाडणारा तोच असतो. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ची ३.१४ ते ३.४७ यांच्या आत हवी. २४ पिनमधली हिरवी तार शेजारच्या काळीला पेपरक्लिपने जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते. तो चालू होतो एवढंच तिच्यातून कळतं, भार पेलतो की नाही ते नाही. सगळ्या तारा काळ्या असतील तर मॅन्युअलमधली आकृती पाहिल्याशिवाय हे करू नका. पीसी छोट्या यूपीएसवर असेल तर चाचणीपुरता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.

डिस्प्ले कधी येतो, कधी येत नाही

हा प्रकार वेगळा आणि जास्त छळणारा. सकाळी थंड पीसीवर डिस्प्ले येत नाही, रीस्टार्ट केलं की येतो, असं असेल तर एक्सएमपी (इंटेलची तशीच सेटिंग) किंवा एक्सपो बंद करून चार-पाच दिवस चालवा. अडचण थांबली तर रॅम त्या वेगावर डळमळीत आहे. एक पायरी खाली आणा, डीडीआर४ ३६००वरून ३२००, किंवा डीडीआर५ ६०००वरून ५६००. एएम५वर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ ही सेटिंगही पाहा. ती चालू असताना बोर्ड आधीच्या ट्रेनिंगचे आकडे वापरून लवकर बूट होतो, पण जुन्या बायोसवर ती अस्थिर ठरते. ती बंद केली की प्रत्येक वेळी ट्रेनिंग होतं आणि बूटला वेळ लागतो, मात्र पीसी भरवशाने उठतो. बायोस अद्ययावत केल्यावर ती पुन्हा चालू करून पाहता येते.

बायोसचा लोगो दिसतो आणि विंडोज सुरू होताना स्क्रीन जाते, तर हार्डवेअर सोडून द्या. तिथे ड्रायव्हर किंवा मॉनिटरला न झेपणारा रिफ्रेश रेट असतो, सेफ मोडमध्ये जाऊन तो सुधारतो.

भाग परत करायची वेळ आलीच तर अंदाजाने ‘बोर्ड खराब आहे’ असं सांगू नका. पुठ्ठ्यावर कोणते भाग लावले होते, कोणता दिवा लागून राहिला, कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये चालली आणि बायोसची आवृत्ती कोणती, एवढं लिहून द्या. मदरबोर्ड पाठवण्याआधी सॉकेटच्या पिनांचा स्पष्ट फोटो काढा आणि खोक्यात आलेलं काळं प्लास्टिकचं झाकण सॉकेटवर बसवा. झाकण नसलेला किंवा वाटेत पिना वाकलेला बोर्ड सर्व्हिस सेंटर ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून परत पाठवतं, आणि मग वॉरंटीत असूनही बोर्डाचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात.